सँडीगेटवरील मंगळवार संध्याकाळ

इंग्लंडमधील फुटबॉलविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतांशी प्रीमियर लीगच्या वीस संघांपुरते असते, आणि त्यामुळे त्या देशातील फुटबॉलचा फार मोठा भाग, जो गावाच्या वेशीवर, कारखान्याच्या पाठीमागे किंवा एखाद्या टेकडीच्या उतारावर आठवड्यातून दोनदा खेळला जातो, मराठी वाचकाच्या नजरेआडच राहतो. या भागाला तिकडे ‘नॉन-लीग’ म्हणतात. शब्दशः घेतले तर हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण हे संघही साखळी स्पर्धांतच खेळतात. येथे ‘लीग’ या शब्दाने १८८८ साली स्थापन झालेली फुटबॉल लीग अभिप्रेत आहे, आणि तिच्यातून वाढत गेलेल्या वरच्या चार श्रेणींतील ९२ क्लब वगळून उरलेले सगळे क्लब नॉन-लीग या नावाखाली येतात. पाचव्या श्रेणीपासून खाली ही रचना उतरंडीसारखी रुंदावत जाते: पाचवीत एकच गट, सहावीत दोन, सातवीत चार, आठवीत आठ, आणि नवव्या-दहाव्या श्रेणींत पोचेपर्यंत तिने जवळजवळ प्रत्येक परगणा आणि प्रत्येक लहान शहर कवेत घेतलेले असते. १९८६-८७ च्या हंगामापासून चौथ्या आणि पाचव्या श्रेणींमधील दारही उघडले असल्यामुळे, निदान तत्त्वतः, तळाचा एखादा संघ वर्षामागून वर्षे चढत थेट शिखरापर्यंत जाऊ शकतो.

या संघांच्या वर्षाला दोन अंगे असतात. शनिवारी दुपारी साखळीतील सामने होतात, आणि मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी, खेळाडू आपापली नोकरी आटोपून आल्यावर, राहिलेले साखळी सामने आणि चषकाचे सामने खेळले जातात. चषक म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे हरलेला संघ त्याच रात्री स्पर्धेबाहेर. असे चषकही अनेक आहेत: १८७१-७२ मध्ये सुरू झालेला एफए कप, ज्याच्या अगदी आरंभीच्या फेऱ्या ऑगस्ट महिन्यात याच लहान मैदानांवर होतात, खालच्या पायऱ्यांवरील संघांसाठी १९७४-७५ पासून खेळला जाणारा एफए व्हाझ, आणि प्रत्येक परगण्याच्या संघटनेचा स्वतःचा चषक. शेवटच्या प्रकाराला बाहेरच्या जगात फारसे कोणी ओळखत नाही, परंतु ज्यांच्या घरापासून मैदान दहा मिनिटांच्या अंतरावर आहे अशा माणसांसाठी त्याचे मोल मोठे असते, कारण त्यात समोर उभा असतो तो बहुधा शेजारच्या गावचा संघ.

असा आठवड्याच्या मधला चषक-सामना पाहायचा तर इंग्लंडमध्ये शेकडो मैदाने आहेत; परंतु प्रवाशाला एकाच मैदानाची निवड करायची असेल तर ती शेफील्ड शहराच्या पश्चिमेकडील क्रॉसपूल या उपनगरातील सँडीगेटची करावी. जगातील सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथाने ज्याची नोंद घेतली आहे ते हेच. येथे १८०४ पासून क्रिकेट आणि १८६० पासून फुटबॉल खेळले जात आले आहे, आणि येथील यजमान क्लब हॅलम हा ४ सप्टेंबर १८६० रोजी स्थापन झालेला असल्याने तो लंडनच्या फुटबॉल असोसिएशनपेक्षाही तीन वर्षांनी वडील आहे. दीर्घकाळ तो नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीग या साखळीत, म्हणजे उतरंडीच्या नवव्या-दहाव्या पायरीवर, खेळत आलेला आहे.

शेफील्ड हे पोलादाचे शहर. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन या पाच नद्यांच्या पाण्यावर शतकानुशतके येथील धार लावण्याची चाके फिरली, आणि सुऱ्या-कात्र्यांच्या व्यवसायाने या शहराचे नाव जगभर पोचवले. शहर टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे मध्यवस्तीतून पश्चिमेला निघालेली बस सारखी चढच चढत राहते. रुग्णालये आणि विद्यापीठाच्या इमारती मागे पडतात, काळवंडलेल्या वालुकाश्माची घरे सुरू होतात, आणि क्रॉसपूलच्या दुकानांपर्यंत पोचेपर्यंत हवा गार आणि वारा बोचरा झालेला असतो, कारण या उपनगराच्या पलीकडे रिव्हलिनचे खोरे आणि त्यापुढे पेनाइन डोंगरांची उघडी माळराने सुरू होतात. सँडीगेट रोडवर ‘द प्लाऊ’, म्हणजे ‘नांगर’, या नावाचा एक जुना पब आहे आणि त्याच्या समोरच मैदानाचे दार आहे. जगातील सर्वांत जुन्या मैदानाचे दार म्हणून जी भव्यता मनात धरून प्रवासी येतो तिचा येथे मागमूस नाही. निळे रंगवलेले फाटक, तिकीट देणाऱ्या माणसाची अरुंद खोपटी आणि लगतच्या घरांच्या कुंपणभिंती एवढेच दिसते. आणि हे योग्यच आहे, असे म्हणावे लागते, कारण हे मैदान स्मारक म्हणून राखलेले नाही, ते वापरात राहिले म्हणून टिकले आहे.

आत शिरताच पहिली जाणीव होते ती उताराची. आधुनिक क्रीडांगणाची कल्पना सपाटीशी इतकी जोडली गेली आहे की मैदान डोळ्यांदेखत खाली उतरत जाते हे पाहणाऱ्याला क्षणभर खरेच वाटत नाही. हा उतार केवळ पाहण्याचा नाही, तो खेळात उतरतो. चढाच्या दिशेने मारलेला उंच पास अपेक्षेपेक्षा अलीकडे पडतो, उताराकडे सोडलेला चेंडू धावणाऱ्याच्या पुढे निघून जातो, आणि वर्षानुवर्षे येथे खेळलेला बचावपटू चेंडूमागे न धावता तो जेथे थांबणार तेथे आधीच जाऊन उभा राहतो. नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराला दिशा निवडताना वारा आणि उतार या दोहोंचा विचार करावा लागतो. यजमान संघाला मैदानाचा लाभ मिळतो असे जे सर्वत्र म्हटले जाते त्याचा इतका प्रत्यक्ष अर्थ क्वचितच कोठे पाहायला मिळेल.

सँडीगेटचे महत्त्व कळण्यासाठी शेफील्डच्या फुटबॉलचा आरंभ थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनियल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन केला; आज अस्तित्वात असलेला जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब तो हाच. १८५८ मध्ये या क्लबने स्वतःचे नियम ठरवले, आणि पुढील वीस वर्षे लंडनच्या नियमांना समांतर चाललेली ‘शेफील्ड नियम’ नावाची परंपरा येथून सुरू झाली. कॉर्नर किक आणि नियमभंगाबद्दल दिली जाणारी फ्री किक या आज स्वयंसिद्ध वाटणाऱ्या गोष्टी शेफील्डच्या नियमांत आधी रुजल्या आणि नंतर लंडनने त्या स्वीकारल्या. अखेर १८७७ मध्ये शेफील्डनेही लंडनचे नियम मान्य केले आणि खेळ एक झाला. परंतु १८५७ मधील या पहिल्या क्लबपुढे एक मूलभूत अडचण होती, ती म्हणजे खेळायला दुसरा क्लबच नव्हता. त्यामुळे सभासद आपापसांतच, विवाहित विरुद्ध अविवाहित अशा गटांत, खेळत असत. हॅलमच्या स्थापनेने ही अडचण दूर झाली, आणि २६ डिसेंबर १८६० रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सँडीगेटवर या दोन क्लबांचा सामना झाला. शेफील्डने तो २-० असा जिंकला. दोन स्वतंत्र क्लबांमधील ज्ञात असा हा पहिला सामना, आणि आज पृथ्वीवर कोठेही दोन क्लब समोरासमोर उभे राहतात तेव्हा त्या प्रसंगाचे मूळ या उतरत्या कुरणाशी येऊन पोचते.

याच दोन क्लबांच्या आणखी एका सामन्याचा धागा अनपेक्षितपणे महाराष्ट्राशी जोडलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशरमधील गिरण्या थंडावल्या आणि लाखो कामगारांच्या चुली विझल्या. या कामगारांच्या मदतनिधीसाठी २९ डिसेंबर १८६२ रोजी शेफील्ड आणि हॅलम हे संघ ब्रॅमॉल लेन या तेव्हाच्या क्रिकेट मैदानावर खेळले. तेथील हा पहिलाच फुटबॉल सामना. हेतू परोपकाराचा असला तरी सामना हातघाईवर आला. हॅलमचा वॉटरफॉल आणि शेफील्डचा क्रेस्विक यांची टक्कर झाली, ठोसे लगावले गेले, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि वडीलधाऱ्यांनी समजूत घालून वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोलरक्षणाला धाडले, तेव्हा कोठे खेळ पुढे सुरू झाला. गोल एकही झाला नाही. ज्या कापूसटंचाईने लँकेशरचा कामगार या निधीवर येऊन पडला, तिनेच त्याच वर्षांत वऱ्हाड आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, मुंबईच्या बंदरात पैशाचा पूर लोटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण सविस्तर लिहिले गेले आहे. त्याच घटनेच्या दुसऱ्या टोकाला शेफील्डची ही बाचाबाची आहे, हे मराठी वाचकाला सहसा सांगितले जात नाही.

चषक या कल्पनेचे मूळही याच परिसरात सापडते. टॉमस यूडन या शेफील्डमधील नाट्यगृहमालकाने १८६७ मध्ये स्थानिक क्लबांसाठी एक चषक ठेवला, बारा क्लब त्यात उतरले, आणि ५ मार्च १८६७ रोजी ब्रॅमॉल लेनवर सुमारे ३,००० प्रेक्षकांपुढे हॅलमने नॉरफोक या क्लबला हरवून तो जिंकला. फुटबॉलमधील ही पहिली चषकस्पर्धा होय. एफए कप सुरू व्हायला अजून चार वर्षे होती. अंतिम सामन्याचा निकाल गोलांवर न लागता ‘रूज’वर लागला. रूज म्हणजे गोलच्या खांबांपासून दोन्ही बाजूंना काही अंतरावर रोवलेल्या निशाणांमधून चेंडू सीमारेषेपार गेला आणि आक्रमक संघातील खेळाडूने तो सर्वांआधी जमिनीवर टेकवला, तर मिळणारा दुय्यम गुण. गोलसंख्या समान असेल तेव्हा तो मोजला जाई, आणि वर्षभरातच तो नियमांतून वगळण्यात आला. जिंकलेला चषक पुढे अनेक दशके बेपत्ता होता. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधील एका पुराणवस्तू विक्रेत्याकडून तो हॅलमला परत मिळाला. ज्या क्लबाचा एखाद्या गर्दीच्या संध्याकाळीही जमणारा प्रेक्षकवर्ग कोल्हापुरातील एका तालमीच्या पाठीराख्यांहून कमी भरेल, त्याच्याकडे जगातील पहिला फुटबॉल चषक आहे.

आठवड्याच्या मधल्या दिवशी फुटबॉल का, या प्रश्नाचे उत्तरही शेफील्डनेच द्यावे, असा योग आहे. येथील सुऱ्या-कात्र्यांचे कारागीर मोठ्या गिरणीच्या भोंग्यावर चालणारे नव्हते. लहान कारखान्यांतील या कारागिरांचा आणि दुकानदारांचा स्वतःच्या वेळेवर थोडाफार ताबा होता, आणि शहरात बुधवारी दुपारनंतर काम बंद ठेवण्याची रीत काही व्यवसायांत रूढ होती. त्या सुटीत क्रिकेट खेळणाऱ्यांनी १८२० मध्ये काढलेल्या क्लबाने दिवसाचेच नाव घेतले, आणि १८६७ मध्ये त्याने फुटबॉलची शाखा उघडली तेव्हा शेफील्ड वेन्सडे, म्हणजे अक्षरशः ‘शेफील्ड बुधवार’, हा क्लब जन्मला. सुटीच्या वाराचे नाव मिरवणारा इतका प्रसिद्ध क्लब दुसरा नाही. त्यात भर पडली ती विजेच्या दिव्याची. १४ ऑक्टोबर १८७८ रोजी, सोमवारी संध्याकाळी, ब्रॅमॉल लेनच्या चार कोपऱ्यांत लाकडी मनोरे उभारून त्यांवर विद्युतदिवे लावण्यात आले आणि त्या उजेडात चार्ल्स आणि विल्यम क्लेग या भावांच्या नेतृत्वाखालील दोन संघ खेळले. हे नवल पाहायला सुमारे २०,००० माणसे लोटली. प्रकाशझोतातील फुटबॉलची ही सुरुवात. तंत्र परिपक्व व्हायला आणि अधिकृत सामन्यांत त्याला मान्यता मिळायला पुढे सत्तरहून अधिक वर्षे गेली, परंतु आज उतरंडीच्या नवव्या पायरीवर खेळू इच्छिणाऱ्या क्लबाला स्वतःचे प्रकाशझोत असणे ही पूर्वअट आहे, आणि मंगळवार संध्याकाळ शक्य होते ती त्यामुळेच.

प्रत्यक्ष सामना सहसा पावणेआठला सुरू होतो. सातच्या सुमारास येणाऱ्या प्रेक्षकाला मैदानाचे खरे रूप दिसते, कारण तेव्हा ते चालवणारी माणसे कामात असतात: कोणी कोपऱ्यातील निशाणे रोवत असतो, कोणी जाळी खिळ्यांना ताणून बसवत असतो, कोणी पत्र्याच्या डब्यात सोडतीच्या चिठ्ठ्या भरत असतो. यांतील जवळजवळ कोणालाही वेतन नसते. चहाच्या टपरीपुढील रांग हे या क्लबांचे सामाजिक केंद्र आहे. तेथे कागदी पेल्यात कडक चहा मिळतो, गोमांसाच्या अर्कात उकळते पाणी घालून केलेले बोव्हरिल हे खारट पेय मिळते, आणि मैद्याच्या जाड कवचात मांस-बटाट्याचे सारण भरलेली पाई मिळते, जिच्यावर शेफील्डचा माणूस नारिंगी पट्टीच्या बाटलीतून हेंडरसन्स रेलिश ओततो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच शहरात तयार होणाऱ्या या काळ्या, पातळ, आंबट रसात चिंच आणि लवंग असते. पहिला घोट, किंवा खरे म्हणजे पहिला थेंब, मराठी जिभेला ओळखीचा वाटतो तो त्यामुळे.

खेळ सुरू झाल्यावर मोठ्या स्टेडियममध्ये कधीही न येणारा अनुभव येतो, तो आवाजाचा. दूरचित्रवाणीवर फुटबॉल म्हणजे हजारोंचा एक सलग गलका. येथे मात्र गर्दी विरळ आणि कठडा सीमारेषेला खेटून असल्यामुळे प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो. ओल्या चामड्यावर बसलेली लाथ, नडगीच्या ढालीवर आदळलेला बूट, गोलरक्षकाने बचावपटूला नावाने मारलेली हाक, धापा, आणि ‘माणूस मागे आहे’ अशा अर्थाचा सहकाऱ्याचा इशारा, हे सगळे कठड्यावर कोपर टेकून उभ्या असलेल्याच्या कानावर पडते. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर तो आणायला एखादा मुलगा धावतो आणि तोवर राखीव चेंडू आत फेकला जातो. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला येथे दहा मिनिटे बाहेर बसवले जाते. ‘सिन बिन’ नावाची ही तरतूद २०१९-२० पासून खालच्या श्रेणींत लागू आहे, आणि ती उपयोगी आहे, कारण शिक्षेची झळ त्या खेळाडूच्या संघाला त्याच सामन्यात बसते. मध्यंतराला आणखी एक दृश्य दिसते. संघ बाजू बदलतात तेव्हा पाठीराख्यांचा घोळकाही आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्या गोलमागे चालत जातो. जागा ठरलेल्या नसतात, कोणी अडवत नाही, आणि दोन्ही गावांची माणसे वाटेत एकमेकांशी बोलत जातात. चषकाचा सामना बरोबरीत सुटला तर अनेक स्पर्धांत अतिरिक्त वेळ न खेळता थेट पेनल्टी किक घेतल्या जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारकामावर किंवा शाळेत शिकवायला जाणाऱ्या खेळाडूंचा विचार करता हे समंजसपणाचे आहे.

या मैदानावर उभ्या असलेल्या मराठी प्रवाशाला कोल्हापूर आठवल्यावाचून राहत नाही, आणि ही आठवण वरवरची नाही. हॅलम जसा क्रिकेट क्लबाच्या पोटातून निघाला तसे कोल्हापूरचे संघ कुस्तीच्या तालमींतून निघाले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावेच ते सांगतात. पेठेपेठेची ईर्षा, घराघरांतून चालत आलेली पाठराखण, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून जुन्या सामन्यांचे दाखले देणारी म्हातारी माणसे, हे सँडीगेटच्या जगाचेच सख्खे भावंड आहे, आणि गर्दीच्या बाबतीत तर कोल्हापूर कित्येक पटींनी पुढे आहे. फरक पडतो तो कागदाच्या बाबतीत. शेफील्डच्या क्लबांनी आपल्या सभांची इतिवृत्ते, नियमांचे मसुदे आणि सामन्यांची वृत्ते पहिल्यापासून जपली, म्हणूनच १८६० च्या एका सामन्याविषयी आज खात्रीने बोलता येते. शेफील्ड क्लबाचे नियमांच्या हस्तलिखितासह सारे जुने दप्तर २०११ मध्ये लंडनच्या लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकले गेले. आर्थिक गरजेपोटी ते विकावे लागले याची हळहळ वाटते, परंतु विकण्याजोगे काही शिल्लक होते ते दीडशे वर्षे कोणीतरी ते फडक्यात बांधून ठेवले म्हणून. आपल्या तालमींच्या कपाटांत ज्या वह्या, छायाचित्रे आणि हस्तपत्रके असतील ती वाळवीच्या आधी अभ्यासकाच्या हाती पडावीत, आणि जे खेळाडू आज सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या जाव्यात, ही विनंती येथे मनापासून करावीशी वाटते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शेफील्डला गेलेले मराठी तरुण हिल्सबरो आणि ब्रॅमॉल लेन ही मोठी मैदाने पाहतातच, आणि ती पाहावीतच. त्यांनी एका मंगळवारी, हॅलमचा चषक-सामना घरच्या मैदानावर आहे याची खात्री करून, जाड मोजे आणि कानटोपी घालून क्रॉसपूलची बस धरावी. सातला पोचावे, कठड्यालगत उभे राहावे, मध्यंतराला गोलमागे चालत जावे. तिकिटाचे पैसे थेट क्लबाच्या गल्ल्यात पडतात, आणि पुढच्या आठवड्यात दिवे लागतात ते त्याच पैशांतून.